कल्हई

सात वर्षं सगळे त्याला नायटा म्हणत होते.
मग इसब. मग सोरायसिस.
मग, 'रोज भट्टीपाशी बसता, उष्णतेचं आहे,
सब्जा घेत चला.'

दिगंबर कर्डे, वय एकावन्न, तांबट आळी, कसबा पेठ.
कमरेवर, मांड्यांवर तांबूस चट्टे,
मठार काढताना हातोडी घसरावी तसे.

मी त्याला आधी काचेवर भेटले,
एरंडवण्यात, तिसऱ्या मजल्यावर.
चार मिलिमीटर कातडी मेणात बसवलेली,
तिचा एक काप, जांभळा-गुलाबी.
कातडीच्या अगदी वरच्या थरात,
जिथे त्यांचं काही काम नसतं,
तिथे तीन-चार लिम्फोसाइट
दुसऱ्याच्या ओट्यावर बसल्यासारख्या निवांत.
केंद्रकं चुरगळलेली,
खिशात राहून धुतलेल्या बसच्या तिकिटासारखी.

रोगाच्या नावात बुरशी आहे, रोगात नाही.
दोनशे वर्षांमागे कुणाला तरी
गाठ अळंबीसारखी दिसली आणि नाव चिकटलं.
घरात त्याचा टॉवेल अजून वेगळ्या खिळ्यावर.

कागदावर चित्र काढून मी समजावलं:
मज्जा, औषधं, बहिणीच्या पेशी.
तो म्हणाला, म्हणजे कल्हई.
भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा,
जुनं सगळं जाळून काढायचं,
मग कथील फिरवायचं आतून.
मी म्हटलं, हो, साधारण.
'साधारण नको, बाई.
कल्हईवाला साधारण म्हणाला
की दुसऱ्या महिन्यात ताक कळकतं.'

माझ्या तक्त्यात तेव्हा अकरा ओळी होत्या.
चार ओळींत शेवटचा रकाना भरलेला, तारखेनं.
तेही सांगितलं.
तो बराच वेळ बोटांची पेरं मोजत बसला,
मग विचारलं, 'बाकीचे सात जेवतात का नीट?'
असा रकाना माझ्याकडे नव्हता.

बहीण धायरीची, कुमुद. शिवणाचे क्लास घेते.
दहापैकी दहा जुळल्या.
सही करताना म्हणाली,
लहानपणी यानं माझी पाटी फोडली होती,
ते पण लिहा कुठेतरी.
पिशवी लहानशी, दोन फुलपात्री मावतील एवढी.
पाऊण तासात संपली.
तो म्हणाला, एवढंच?

त्र्याऐंशीव्या दिवशी तळहात लाल झाले.
मग कान. मग छाती.
'परत तेच का, बाई?'
मला माहीत नव्हतं.
जुना रोग आणि नव्या पेशींचा राग,
दोघांचा रंग वरून एकच.
पुन्हा चार मिलिमीटर. पुन्हा मेण.
दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही.

अंधाऱ्या खोलीत, चमकणाऱ्या ठिपक्यांत वाचलं:
कातडीची पेशी, एक लाल एक हिरवा. तो.
तिच्याभोवती जमलेल्या,
दोन लाल. दोन लाल. दोन लाल.
एकही हिरवा नाही.
तळाच्या थरात त्याच्या पेशी मरत होत्या
आणि मारणारी धायरीची होती.

आनंद व्हावा अशी ही गोष्ट नाही.
या रागातून माणसं गेलेली मी पाहिली आहेत, याच तक्त्यात.
पण हाच राग उरलेल्या जुन्यांनाही शोधून काढतो.
म्हणून विझवायचा नाही, भाता हळू करायचा.
किती हळू?
स्टेरॉइडचा आकडा मी तीनदा खोडला.

फोनवर सांगितलं. तो हसला, मग खोकला.
'पाटीचं काढतेय.'

मार्चमध्ये तांबट आळीत गेले.
मास्क लावून तो दारातल्या स्टुलावर,
हातांची सालं निघालेली, हातोडी बंद.
आत पुतण्या हंड्यावर मठार काढत होता.
आम्ही चहा घेतला. तक्त्याचं बोलणं निघालं नाही.
मध्येच त्यानं मान तिरकी केली
आणि आत ओरडला,
'चुकला. आधीचा.'

मी कान देऊन ऐकलं.
मला सगळे ठोके सारखेच वाटले.